फाइल उघडते, मराठी उघडत नाही : फॉन्टांची स्पर्धा आणि उशिरा आलेले दान

१/
गेल्या पावसाळ्यात पारनेरमधील एका संस्थेच्या कपाटातून माझ्या हाती एक सीडी आली. वर निळ्या शाईने लिहिले होते : ‘दुष्काळाच्या आठवणी, १९९८’. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी तालुक्यातील कामांवर खडी फोडली, त्यांच्या एकतीस मुलाखती एका निवृत्त शिक्षकांनी घेतल्या होत्या. हस्तलिखित वह्या वाळवीने खाल्ल्या. मुलाखत देणारे बहुतेक जण आता हयात नाहीत. शिक्षकही नाहीत. उरली ती ही सीडी. माझ्या प्रबंधासाठी याहून मोलाचे साधन दुसरे नव्हते.

२/
सीडी शाबूत होती. फाइल एका टिचकीत उघडली. पडद्यावर मात्र मराठी नव्हते. रोमन अक्षरे, कंस, अवतरणचिन्हे आणि टिंबे यांचा पानोपानी खच पडला होता. विषाणूने काही खाल्ले नव्हते, एकही अक्षर गळाले नव्हते. सारे जागच्या जागी होते आणि तरीही वाचता येत नव्हते. मोडीतील कागद शिकून वाचता येतो, ताम्रपट शिकून वाचता येतो. मग अवघ्या पंचवीस वर्षांपूर्वीचे मराठी आपल्याला का वाचता येऊ नये?

३/
आजचा धागा या प्रश्नाचा आहे. त्याचे उत्तर पारनेरात सापडत नाही. त्यासाठी कॅलिफोर्नियातील एका गॅरेजात, कानपूरच्या प्रयोगशाळेत, पुण्याच्या गणेशखिंडीत आणि परत पारनेरच्या तहसील कचेरीसमोरील टपरीवर जावे लागते. वाटेत आणखी एक प्रश्न भेटतो : ज्यांनी संगणकाच्या बाजारात एकमेकांशी झुंज दिली, त्यांनी पुढे आपली कमाई किंवा आपली निर्मिती फुकट का वाटली? पुण्य म्हणून, की सोय म्हणून?

४/
जानेवारी १९७५. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ हा घरी जोडता येणारा संगणक झळकला. मार्चमध्ये कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजात हौशी मंडळी जमली आणि ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ सुरू झाला. स्टीव्ह वॉझ्नियॅक त्याच मंडळात वावरत. जो संगणक पुढे ‘ॲपल १’ म्हणून विकला गेला, त्याच्या मंडलाचे आराखडे त्यांनी प्रथम सभासदांना फुकट वाटले. घ्या, पाहा, आपला आपण बांधा, अशी त्या क्लबाची रीत होती.

५/
या रीतीला पहिला जाहीर विरोध केला तो बिल गेट्स यांनी. ३ फेब्रुवारी १९७६ या तारखेच्या अनावृत पत्रात त्यांनी हौशी मंडळींना खडसावले. अल्टेअरसाठी आम्ही लिहिलेले ‘बेसिक’ तुम्ही पैसे न देता एकमेकांना वाटता, ही चोरी आहे, असे त्यांचे म्हणणे. फुकटात कोण उत्तम काम करील, हा त्यांचा सवाल होता. ते बनवताना वापरलेल्या संगणकवेळेचीच किंमत ४० हजार डॉलरांहून अधिक होते, असा हिशेबही त्यांनी मांडला. तेव्हा त्यांचे वय होते अवघे वीस.

६/
आराखडे वाटणारा वॉझ्नियॅक आणि पत्र लिहिणारा गेट्स यांच्यात एकाला सज्जन आणि दुसऱ्याला लोभी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण गेट्स यांचा सवाल खोटा नव्हता. तो पुढे मराठीच्या दारातही उभा राहणार आहे, म्हणून लक्षात ठेवावा. १९७७ मध्ये ‘ॲपल २’ आला, १२ ऑगस्ट १९८१ रोजी ‘आयबीएम पीसी’ आला. या साऱ्या यंत्रांच्या पोटात अक्षरांची जी मूळ यादी होती तिचे नाव ‘आस्की’. १९६३ च्या या अमेरिकी यादीत घरे १२८. त्यांत देवनागरीसाठी एकही नाही.

७/
घरे वाढवली असती तरी अडचण संपत नव्हती. इंग्रजीत अक्षर एकापुढे एक बसते. आपल्याकडे ‘कि’मधील वेलांटी उच्चारात नंतर येते, लिहिताना आधी. ‘र’ कधी डोक्यावर चढतो (‘अर्क’), कधी पायाशी बसतो (‘चक्र’), कधी ट-ड खाली काकपद होतो (‘राष्ट्र’), आणि मराठीत तर ‘दऱ्या’मध्ये आणखी एक वेगळे रूप घेतो. छापखान्यातील खिळ्यांच्या खणांत हे सगळे तुकडे वेगवेगळे असत. टंकयंत्राने त्यांतील काही तुकडे कळांवर बसवून वेळ निभावली. संगणकापुढे मूलभूत पेच होता : साठवायचे काय? अक्षराची आकृती, की अक्षराचा उच्चार?

८/
याचे नेमके उत्तर भारतात सापडले. कानपूरच्या आयआयटीत प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखाली देवनागरीवर काम चालू होते. मोहन तांबे हे तेथील तरुण अभियंते. ऑक्टोबर १९८३ मध्ये दिल्लीत भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तेथील देवनागरी संगणकाचा नमुना लोकांनी पाहिला. तत्त्व साधे होते : संगणकाने ‘क’, ‘हलन्त’, ‘ष’ एवढेच क्रमाने साठवावे, त्याचा ‘क्ष’ कसा काढायचा, हे दाखवण्याच्या वेळी ठरवावे. उच्चार जपा, आकृती नंतर काढा.

९/
या तत्त्वातून दोन गोष्टी उभ्या राहिल्या. १९८६ मध्ये ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलक : डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. आणि १९८८ मध्ये ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची संकेतावली, जी १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोचे अधिकृत मानक झाली. तिची खुबी अशी की ‘क’चा क्रमांक देवनागरीत, गुजरातीत, कन्नडमध्ये एकच. लिपी बदलली तरी मजकूर तोच. ज्या काळात घरोघरी संगणक नव्हते, त्या काळात ही दूरदृष्टी दाखवली गेली, याची नोंद आपल्या पाठ्यपुस्तकांत फारशी नाही.

१०/
१९८८ मध्येच पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था उभी राहिली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे ‘परम ८०००’ हा महासंगणक घडला (१९९१) आणि तीच सी-डॅकची जगजाहीर ओळख झाली. त्याच छपराखाली मोहन तांबे यांचा ‘जिस्ट’ गटही होता. त्यांनी साध्या पीसीत बसवायचे एक कार्ड बनवले. ते बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्येही भारतीय भाषांतून काम करता येई. महासंगणकाची कीर्ती दिगंत गेली. परंतु कारकुनाच्या टेबलावर मराठी आणली ती या कार्डाने.

११/
मग या निर्दोष तत्त्वाचा जय का झाला नाही? कार्ड प्रत्येक संगणकामागे वेगळे विकत घ्यावे लागे. आणि तेवढ्यात खेळाचे पटांगणच बदलले. १९९२ मध्ये ‘विंडोज ३.१’ आले. त्यात ‘ट्रूटाइप’ नावाचे फॉन्टतंत्र आयते होते. आता कार्ड नको, वेगळे यंत्र नको; एक छोटी फाइल टाकली की नवा फॉन्ट तयार. हे ट्रूटाइप कुठून आले, ती कथा आपल्या विषयाच्या गाभ्याची आहे.

१२/
ट्रूटाइप मायक्रोसॉफ्टचे नव्हे. ते ॲपलचे. छपाईच्या दर्जेदार फॉन्टांवर तेव्हा ‘अडोबी’ या कंपनीचा ताबा होता. तिने आपल्या तंत्राचे मर्म गुलदस्त्यात ठेवले होते. त्यावर उतारा म्हणून ॲपलने स्वतःचे तंत्र घडवले आणि १९८९ मध्ये ते मायक्रोसॉफ्टला वापरू दिले. गंमत पाहा : १९८८ मध्ये याच ॲपलने विंडोजच्या दृश्यरूपावरून मायक्रोसॉफ्टला न्यायालयात खेचले होते! खटला एका हाताने, देणगी दुसऱ्या हाताने. अडोबीनेही मग १९९० मध्ये आपले गुपित प्रसिद्ध करून टाकले.

१३/
यात औदार्य किती होते? जवळपास शून्य. तिसऱ्याला नमवण्यासाठी दोन वैऱ्यांनी केलेली ती हातमिळवणी होती; आपल्याकडील अठराव्या शतकातील राजकारण वाचणाऱ्याला यात नवल वाटू नये. परंतु परिणाम पाहा. फॉन्ट बनवण्याचे दार सर्वांना खुले झाले. पुण्यात, मुंबईत, बंगळुरात मराठी फॉन्ट बनवणाऱ्यांनी या दारातून प्रवेश केला. देणाऱ्याच्या मनात नसलेला लाभ घेणाऱ्याला झाला. हा मुद्दा आपण शेवटी पुन्हा उचलणार आहोत.

१४/
दार खुले झाले, पण विंडोजला देवनागरी कळत नव्हती. म्हणून सर्वांनी एकच युक्ती केली : रोमन अक्षरांच्या घरांत मराठी आकृत्या बसवल्या. संगणकाला वाटे आपण इंग्रजी अक्षर दाखवतो आहोत. वाचणाऱ्याला दिसे ‘म’. इस्कीने उच्चार जपला होता, या युक्तीने पुन्हा आकृतीच साठवली. आणि कोणत्या घरात कोणती आकृती, याचे एकच एक वेळापत्रक कुणी पाळले नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ वेगळी, बंगळुरूच्या सायबरस्केपची ‘आकृती’ वेगळी, ‘कृतिदेव’ वेगळा, ‘शिवाजी’ वेगळा.

१५/
यातून भाषेला कुलूप लागले. दहा वर्षांचा मजकूर एका कंपनीच्या मांडणीत असलेल्या छापखान्याला दुसरीकडे जाणे परवडेना. प्रत्येकाने हे कुलूप हेतुपुरस्सर घातले, असे म्हणण्यास आधार नाही. परिणाम मात्र कुलपाचाच झाला. अधिक खेदाची गोष्ट अशी की ज्या सी-डॅकच्या अंगणात इस्की वाढली, त्याच सी-डॅकच्या विंडोजवरील ‘आयएसएम’सोबतच्या फॉन्टांनाही आकृत्यांचीच निराळी संकेतावली होती. सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली संस्थाही त्या बाजारात एक विक्रेता झाली होती.

१६/
तरीही या मंडळींना खलनायक ठरवू नये. देवनागरीच्या एका फॉन्टसाठी शेकडो आकृत्या हाताने घडवाव्या लागतात. जोडाक्षरे, रफार, उकार एकमेकांवर आदळणार नाहीत हे पाहावे लागते. नव्वदच्या दशकातील वृत्तपत्रे, दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रके या फॉन्टांवरच छापली गेली. तालुक्याच्या गावी डीटीपीचा व्यवसाय उभा राहिला आणि कित्येक घरे त्यावर चालली. फुकटात कोण उत्तम काम करील, हा १९७६ चा सवाल इथे पुन्हा उभा राहतो, आणि या वेळी तो मराठीत आहे.

१७/
त्या सवालाला काहींनी कृतीने उत्तर दिले. नेदरलँड्समधील फ्रान्स व्हेल्थुइस यांनी १९९१ मध्ये ‘टेक’ या मुद्रणप्रणालीसाठी देवनागरी फॉन्ट खुला केला. अमेरिकेत अविनाश चोपडे यांनी ‘आयट्रान्स’ बनवले : रोमनमध्ये लिहा, देवनागरीत छापा, आजही उच्चारानुसार टंकन करताना आपण त्याच पठडीतील संकेत वापरतो. शेषाद्रिवासू चंद्रशेखरन यांनी १९९८ मध्ये मूळ कन्नडसाठी ‘बरहा’ मोफत दिले, पुढे त्यात देवनागरीही आली. यांच्यासमोर बाजार नव्हता. दूरदेशी आपली भाषा पडद्यावर दिसावी, एवढीच भूक होती.

१८/
दरम्यान जगाच्या सर्व लिप्यांना एकाच यादीत घर देण्याचा उद्योग अमेरिकेत चालला होता. ऑक्टोबर १९९१ मध्ये ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीला १२८ घरे मिळाली आणि त्यांची मांडणी १९८८ च्या इस्कीवर बेतलेली होती. म्हणजे आज तुम्ही मोबाइलवर जो मराठी संदेश टंकता, त्याच्या पायाशी भारतातच घडलेले ते तत्त्व आहे. आपल्या बाजाराने बाजूला सारलेली वस्तू सातासमुद्रापार जाऊन मानक बनून परत आली.

१९/
परत यायला मात्र नऊ वर्षे लागली. फेब्रुवारी २००० मध्ये ‘विंडोज २०००’ आले आणि त्यासोबत ‘मंगल’ हा युनिकोड देवनागरी फॉन्ट. त्याचे रेखाटनकार रघुनाथ कृष्ण जोशी : कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातील अध्यापक, पुढे मुंबईच्या एनसीएसटी या संगणक संस्थेशी निगडित. जुन्या पोथ्यांच्या वळणांचा अभ्यास करणाऱ्या या मराठी माणसाचे अक्षर जगभरच्या कोट्यवधी संगणकांत पोचले. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्यापैकी किती जणांना हे नाव ठाऊक होते?

२०/
जोशी यांच्याच हातचा ‘रघू’ नावाचा दुसरा फॉन्ट एनसीएसटीने ‘जीपीएल’ परवान्याखाली खुला केला. या परवान्याचा अर्थ असा : वापरा, आतून पाहा, बदला, वाटा, बदललेले वाटाल तर तेही याच अटींवर. २००३ च्या सुमारास सायबरस्केपने नऊ लिप्यांतील आपले काही ‘आकृती’ फॉन्ट याच परवान्याखाली दिले. २००४ मध्ये रेड हॅटने ‘लोहित’ फॉन्ट खुले केले. त्यांचे मूळ काम श्री-लिपीवाल्या मॉड्युलर इन्फोटेकचेच. २००५ मध्ये केंद्र सरकारने भारतीय भाषांच्या साधनांच्या सीडी मोफत वाटायला सुरुवात केली. आधी तमिळ, मग हिंदी, मग इतर. कालचे विक्रेते दाते झाले.

२१/
आता हेतू तपासू. रेड हॅटला भारतात आपली लिनक्स प्रणाली रुजवायची होती. मायक्रोसॉफ्टला भारतीय बाजार हवा होता. सरकारने दिले ते मुळात जनतेच्या पैशातून झालेले काम होते, तेव्हा त्याला दान म्हणण्यापेक्षा उशिरा फेडलेले ऋण म्हणणे रास्त. युनिकोड आल्यावर जुन्या मांडणीच्या फॉन्टांचे दिवस भरत आले होते, हेही खरे. निखळ परोपकार शोधू जाल तर हाती थोडेच लागेल. पण म्हणून या देण्याचे मोल कमी होते का?

२२/
हाच वाद जगात गेट्स यांच्याविषयी घातला जातो. २००० मध्ये गेट्स दांपत्याची संस्था आजच्या रूपात आली. त्याच वर्षी अमेरिकी न्यायालयाने मायक्रोसॉफ्टला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या भंगाबद्दल दोषी ठरवले होते. प्रतिमा धुण्यासाठी दान, असे टीकाकार म्हणाले. दुसरीकडे, पोलिओ निर्मूलनाच्या जागतिक मोहिमेत ही संस्था एक प्रमुख भागीदार ठरली. भारतात वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये नोंदला गेला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. बूथवर थेंब घेणाऱ्या बाळाला देणाऱ्याच्या मनातले काय करायचे?

२३/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे एक शिस्त पाळावी, असे मला वाटते. हेतू हा सर्वांत दुबळा पुरावा. तो कागदावर क्वचित सापडतो, आणि सापडला तरी तो देणाऱ्यानेच लिहिलेला असतो. मंदिराच्या पायरीवरील दानलेख वाचताना आपण दात्याच्या अंतःकरणात शिरत नाही. जमीन किती दिली, कुणाला दिली, कोणत्या अटीवर दिली, ती परत घेता येते का, हे पाहतो. तंत्रज्ञानातील दानालाही हीच कसोटी लावावी. मन सोडा, अटी वाचा.

२४/
तीन प्रश्न पुरेत. दाता उद्या नाहीसा झाला तर वस्तू चालेल का? घेणाऱ्याला ती दुरुस्त करता येईल का? त्याला ती पुढे देता येईल का? ‘मंगल’ विंडोजसोबत आला, अफाट उपयोगी पडला; पण तो मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा, आपल्याला बदलून वाटता येत नाही. ‘रघू’ आणि ‘लोहित’ तिन्ही प्रश्नांना उतरतात. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे अलीकडचे फॉन्टही उतरतात. पहिले दान म्हणजे पाणपोई : तहान भागते, माठ त्यांचा. दुसरे म्हणजे गावाला खोदून दिलेली विहीर.

२५/
आता पारनेरला परत. सीडीतील मजकूर कोणत्या फॉन्टचा, हे फाइल सांगेना. शेवटी छापील पान घेऊन मी तहसील कचेरीसमोर अर्ज टंकून देणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला, तो रोमन खच निरखला आणि सावकाश मोठ्याने मराठी वाचू लागले. वीस वर्षे ज्या कळांवर बोटे चालली, त्या त्यांना पाठ होत्या. फॉन्टचे नाव त्यांनी सांगितले. कोणत्या घरात कोणती आकृती, याचा तक्ता आम्ही दोघांनी वहीत उतरवला.

२६/
तक्त्यावरून मजकूर युनिकोडमध्ये आणणे हे नुसते अदलाबदलीचे काम नाही. वेलांटी व्यंजनाच्या पुढून मागे न्यावी लागते. रफार मागून पुढे आणावा लागतो. पहिल्या प्रयत्नात ‘ऱ्या’ची सारी रूपे ‘र्या’ झाली, आणि एका आजोबांच्या आठवणीत डोंगरातील ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला. पाण्याच्या थेंबासाठी तळमळणाऱ्या दुष्काळी तालुक्यात समुद्र उसळला! हसू आले, मग भीती वाटली. शेजारी काका नसते, तर असा किती इतिहास आपण नकळत बदलून ठेवला असता?

२७/
एकतीसपैकी सत्तावीस मुलाखती आता वाचता येतात. त्यांतील एका आजींच्या आठवणीत कामावर मिळणारी सुकडी पदरात बांधून घरी नेण्याचा उल्लेख आहे. स्वतः न खाता, दोन लेकरांसाठी. दुष्काळाच्या सरकारी अहवालात मजुरांची संख्या मिळते, हा पदर मिळत नाही. उरलेल्या चार मुलाखती वेगळ्याच फॉन्टमध्ये आहेत. तो काकांनाही ओळखता आला नाही. त्या चार माणसांचे म्हणणे माझ्या संगणकात आहे, अक्षर न् अक्षर शाबूत, आणि अजून मुके आहे.

२८/
म्हणून या धाग्याच्या शेवटी एक विनंती. तुमच्या घरी, ग्रंथालयात, पतसंस्थेत, शाळेत १९९० ते २०१० या काळातील मराठी फाइली असतील. गावाच्या स्मरणिका, वंशावळी, आजोबांची आत्मचरित्रे. मूळ फाइल जपा, तिच्यावर काही करू नका. तिच्याशेजारी फॉन्टची फाइल ठेवा आणि फॉन्टचे नाव कागदावर लिहा. प्रत काढून तीच रूपांतरित करा. वेलांटी, रफार आणि ‘ऱ्या’ डोळ्यांनी तपासा. आणि शक्य तर छापून ठेवा. कागदाला परवाना लागत नाही.

२९/
गॅरेजातील मुलांची चढाओढ आपण चित्रपटांतून पाहिली. आपल्या भाषेत झालेली चढाओढ कुणी चित्रित केली नाही, तरी तिचे व्रण आपल्या कपाटांत आहेत. ज्यांनी स्पर्धा केली त्यांनीच मराठीला पडद्यावर आणले. ज्यांनी अटी सैल केल्या त्यांनी ती तिथे टिकवली. देणाऱ्यांच्या मनात काय होते, हे आता कोण सांगणार? पण त्यांनी दिलेल्या वस्तूच्या जोरावर आज पारनेरातील एक माणूस अर्ज टंकतो आणि तो मुंबईत उघडतो. माझ्या चार फाइली उघडल्या, की याच धाग्याखाली कळवीन. तुमच्याकडच्या एखाद्या काकांना, मावशींना जुने फॉन्ट पाठ असतील, तर मलाही कळवा. ती माणसे आहेत तोवरच हे काम होणार आहे.